थांबाल तिथं कॉमा? नको हो, संपादक साहेब

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या विद्यार्थी पानावर इंग्लिश सुधारायच्या टिपा आल्या होत्या, त्यात एक टीप अशी होती की वाचताना जिथं थांबाल तिथं कॉमा द्या. तेवढ्या एका ओळीसाठी हे पत्र. बाकीच्या टिपा चांगल्या होत्या, स्पेलिंगची तर मलाच उपयोगी पडली, पण ही ओळ एका पोरानं कापून वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलेली बघितली आणि मग काय गप्प बसवेना.

माझं खानापूरला स्टँडजवळ झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. अर्ज, बाँड, रजेची चिठ्ठी, बायोडाटा, वास्तुशांतीची पत्रिका, जे येईल ते मराठी कन्नड इंग्लिश तिन्हीत टाईप करून देतो. मी इंग्लिशचा मास्तर नाही, बीए झालोय ते पण मराठी घेऊन. पण लोकांच्या हातचे कच्चे कागद समोर ठेवून एवढी वर्षं टाईप केल्यावर चूक कुठं होते आणि कशामुळं होते हे बोटांनाच कळायला लागतं. (इंग्लिश वाक्यं मी देवनागरीतच लिहितोय, तुमच्या पानावर दोन लिप्यांची खिचडी नको म्हणून.)

आधी माझीच चूक सांगतो. २०१९ च्या ऑगस्टमधे पूर आला तेव्हा मलप्रभेच्या काठावरच्या एका गावातली चार-पाच माणसं दुकानात आली, घरं पडलेली, नुकसान भरपाईचा अर्ज पाहिजे होता. कन्नडमधे अर्ज केला, आणि कागद वर बंगळूरपर्यंत गेला तर असावी म्हणून इंग्लिशमधे पण एक कॉपी जोडली. त्यात मी वाक्य टाकलं, ‘द हाउसेस इन आवर गल्ली, विच वेअर बिल्ट ऑफ मड, हॅव कोलॅप्स्ड.’ वाचताना गल्लीपाशी थांबलो, मडपाशी थांबलो, दोन्हीकडं कॉमा दिला, एकदम साहेबी वाक्य झालं असं वाटलं. ऑफिसातल्या क्लार्कनं दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले आणि विचारलं, ‘एल्ला मनी बिद्दावेन्री?’ सगळी घरं पडलीत काय हो? गल्लीत घरं तेवीस, त्यातली मातीची सात, पडली ती तेवढीच. कन्नड अर्जात सात लिहिलेलं आणि इंग्लिशमधे मी पूर्ण गल्ली पाडून ठेवलेली. त्या माणसांना खोटं बोलताय काय असं ऐकून घ्यावं लागलं, ते पण माझ्या दोन कॉमांमुळं. दुसऱ्या दिवशी कागद बदलून दिला, पैसे घेतले नाहीत, पण तोंड दाखवायची लाज वाटत होती.

झालं काय होतं ते मला नंतर एका निवृत्त सरांनी समजावलं. इंग्लिशमधे असे दोन कॉमा म्हणजे कंस. मधला भाग उचलून बाहेर ठेवला तरी वाक्य चाललं पाहिजे, आणि उरलेलं वाक्य खरं पण असलं पाहिजे. माझं उरलेलं वाक्य काय, ‘गल्लीतली घरं पडली’. म्हणजे सगळी. कॉमा काढून टाका, मग ‘जी मातीची होती ती’ असा अर्थ होतो, आणि विचच्या ऐवजी दॅट टाकलं तर आणखी बरं. ‘माय ब्रदर, हू वर्क्स इन पुणे’ असं लिहिलं तर भाऊ एकच, तो पुण्यात असतो ही जादाची माहिती. कॉमा काढले तर भाऊ दोन-चार आहेत आणि त्यातला पुण्यातला म्हणतोय असं होतं. एका वाटणीच्या कागदावर मी हा फरक नंतर मुद्दाम विचारून घेतला होता, भाऊ किती तुम्ही म्हणून, तर तो माणूस माझ्याकडं बघतच राहिला, टायपिंगवाल्याला कशाला पाहिजे हे.

आपल्याला हे पटकन का कळत नाही, तर मराठीत हे काम कॉमा करतच नाही. आपण म्हणतो ‘जी घरं मातीची होती ती पडली’, जी आणि ती मधे सगळं आलं, कॉमा द्या नाहीतर देऊ नका, अर्थ हलत नाही. इंग्लिशमधे ते ओझं त्या शेपटीएवढ्या खुणेवर टाकलंय. म्हणून श्वास बघून ती खूण टाकायला सांगणं धोक्याचं आहे, श्वासाला काय माहीत घरं किती पडली.

आता तुमच्या टीपवाल्याची बाजू पण सांगतो, कारण ही टीप त्यांनी घरात बसून बनवलेली नाही, लई जुनी आहे. इंग्लिशचं व्याकरण लिहिणारे लिंडले मरे म्हणून होते, त्यांच्या १७९५ च्या पुस्तकात असंच आहे, कॉमा म्हणजे सगळ्यात छोटा थांबा, सेमिकोलन त्याच्या दुप्पट, कोलन त्याच्या दुप्पट, फुलस्टॉप त्याच्या पण दुप्पट. हिशोब करा, फुलस्टॉपला आठ मोजायचे! ते पुस्तक शाळाशाळांतून चाललं. त्या काळी वाचणं म्हणजे मोठ्यानं वाचणं, चर्चमधे, सभेत, त्यामुळं खुणा तोंडासाठी होत्या. नंतर लोक मनात वाचायला लागले तसा इंग्लिशमधला कॉमा हळूहळू श्वासाचा न राहता वाक्याच्या सांध्याचा झाला. आमच्या शाळेत सुद्धा मास्तर टेबलावर पट्टी आपटून कॉमाला एक, फुलस्टॉपला दोन असं वाचून घ्यायचे. वाचायला ते ठीकच आहे. लिहायला नाही.

आणि मजा बघा, आपल्या मराठीला तरी कॉमा कुठं होता? मोडी कागद बघितलाय काय कधी, माझ्याकडं जुन्या जमिनीचे येतात अधूनमधून झेरॉक्सला. आधी आडवी रेघ मारून घ्यायची आणि खाली अक्षरं लटकवत जायचं, शब्द कुठं तुटतो तेच कळत नाही तर कॉमाचं काय घेऊन बसलाय. मराठीत विरामचिन्हं आणली ती मेजर कँडी या इंग्रजानं, ‘विरामचिन्हांची परिभाषा’ हे त्याचं पुस्तक १८५० चं. म्हणजे कॉमा आपण इंग्लिशकडनंच घेतला, ते पण इंग्लिश श्वासाच्या हिशोबानं चालायचं त्या काळात. मग पावणेदोनशे वर्षं आपण तो आपल्या पद्धतीनं वापरला, आता इंग्लिश लिहिताना तोच परत करतोय, म्हणजे लग्नाला भाड्यानं आणलेलं पातेलं पोचे पाडून परत द्यावं तसं.

सगळ्यात मोठा पोचा सांगू? ‘की’ नंतरचा कॉमा. हा तुमच्याच पेपरात रोज दिसतो, राग मानू नका. ‘मंत्री म्हणाले की, रस्ता होणार.’ मराठीत चालतंय, वाचायला बरं पडतं. पण पोरगं तेच उचलून लिहितं, ‘द मिनिस्टर सेड दॅट, द रोड विल बी मेड.’ इंग्लिशमधे सहसा या दॅटच्या पाठीमागं कॉमा देत नाहीत. दॅट काढून मंत्र्याचे शब्द जसेच्या तसे अवतरणात घातले तर मात्र सेड नंतर कॉमा येतो, ‘द मिनिस्टर सेड, “द रोड विल बी मेड.”’ पोरांनी दोन्ही कुठंतरी बघितलेलं असतं आणि डोक्यात दोन्हीचा काला होतो.

यात एक आमच्या भागाचीच गंमत आहे, पुण्याच्या पुस्तकात ती मिळणार नाही. आम्ही बोलताना हा ‘की’ वापरतच नाही. बेळगाव-खानापूरकडचं पोरगं घरात येऊन सांगतं, ‘उद्या सुट्टी हाय म्हणून सर सांगिटले.’ शेजारचं कन्नड पोरगं म्हणतं, ‘नाळि सूटी ऐती अंत सर हेळ्यार.’ बघा, म्हणून आणि अंत एकाच जागेवर, दोघांचं वाक्य एकाच वळणाचं, कॉमाला शिरायला फट नाही. म्हणजे आमच्या पोराच्या जिभेवर हा कॉमा नाहीच, तो त्याला छापील मराठीनं शिकवलाय. एकदा दहावीच्या एका पोराला मी म्हटलं, तुझ्या तोंडचं वाक्य डोळ्यासमोर ठेव, म्हणूनच्या आगेमागे थांबतोस काय? नाही म्हणाला. मग दॅटपाशी पण थांबू नको बे. तेव्हापासनं त्याचा तो कॉमा गेला, बाकीचे सतरा आहेत अजून.

दुसरा प्रकार रजेच्या चिठ्ठीत. ‘माय एल्डर सिस्टर्स मॅरेज, इज ऑन संडे.’ इथं पण श्वासच. कर्ता लांबलचक झाला की आपण दम खातो आणि तिथं कॉमा पडतो. ‘ऑल द स्टुडंट्स ऑफ द व्हिलेजेस निअर द फॉरेस्ट, आर कमिंग लेट बिकॉज ऑफ द बस.’ कर्ता चार शब्दांचा असो की चाळीस, तो आणि त्याचं क्रियापद यांच्यामधे एकटा कॉमा घालायचा नाही. मधे कंसासारखे दोन येऊ शकतात, एक नाही. हे एकच जरी पोरांनी पाठ केलं ना साहेब, तरी माझ्या दुकानातले निम्मे कॉमा जातील, अंदाजानं सांगतोय, मोजले नाहीत.

तिसरं म्हणजे ‘आय वॉज इल, आय कुड नॉट कम टु स्कूल.’ मराठीत मी आजारी होतो, शाळेत आलो नाही, काय बिघडलं? काही नाही. मी या पत्रात सुद्धा वाक्याला वाक्य कॉमानं जोडत चाललोय, बघताय ना. इंग्लिशमधे मात्र दोन पूर्ण वाक्यं नुसत्या कॉमानं जोडली की परीक्षेत लाल रेघ. तिथं फुलस्टॉप द्या, नाहीतर सेमिकोलन द्या, नाहीतर कॉमाच्या पुढं सो घाला. अँड, बट, सो असल्या शब्दांनी दोन पूर्ण वाक्यं जोडली तर त्या शब्दाच्या आधी कॉमा, पण मागच्या तुकड्याला स्वतःचा कर्ता नसेल तर साधारणपणे नको. ‘आय वेंट टु बेळगाव अँड बॉट अ बॅग’, एकच माणूस, कॉमा नाही. ‘आय वेंट टु बेळगाव, अँड माय ब्रदर स्टेड अ‍ॅट होम’, दोन माणसं, कॉमा आला. हाउएव्हर हा शब्द तर बायोडाटावाल्यांचा फार लाडका, तो अँडच्या जातीचा नाही हे कुणी सांगत नाही. त्याच्यानं दोन वाक्यं जोडायची तर आधी सेमिकोलन किंवा फुलस्टॉप आणि त्याच्या पाठीमागं कॉमा.

आणि इफ, व्हेन वाली वाक्यं. ‘इफ इट रेन्स, द बस विल नॉट कम.’ अट आधी आली तर कॉमा. उलटं केलं, ‘द बस विल नॉट कम इफ इट रेन्स’, तर कॉमा नाही. खरं सांगायचं तर मोठ्यानं वाचताना दोन्हीत थोडं थांबायला होतंच, आणि इथंच तुमची टीप पोराला खड्ड्यात घालते.

व्हॉट्सअ‍ॅपवर ते आजीला खाऊयावालं उदाहरण फिरतं, लेट्स ईट ग्रँडमा. हसायला ठीक आहे पण अर्जात कोण आजीला जेवायला बोलवत नाही. त्यातनं शिकायचं एवढंच की ज्याला हाक मारतोय त्याला कॉमानं वेगळं करायचं, ‘थँक यू, सर’. दुसरा फॉरवर्ड अमेरिकेतल्या दूध डेअरीच्या ड्रायव्हरांचा. तो खरा आहे पण अर्धा सांगतात. तिथल्या मेन नावाच्या राज्याच्या ओव्हरटाइमच्या कायद्यात कुठल्या कामाला ओव्हरटाइम नाही याची यादी होती, शेवटी ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’. ऑरच्या आधी कॉमा नव्हता. ड्रायव्हर म्हणाले आम्ही पॅकिंग करत नाही, नुसता माल पोचवतो, आणि यादीत पॅकिंगच आहे, पोचवणं वेगळं लिहिलेलंच नाही. २०१७ मधे कोर्टानं वाक्य संदिग्ध आहे असं म्हणून ड्रायव्हरांच्या बाजूनं निकाल दिला, पुढच्या वर्षी पन्नास लाख डॉलरवर तडजोड झाली. लोकांना वाटतं कायदा लिहिणारा कॉमा विसरला. विसरला नव्हता! त्या राज्याच्या कायदे लिहिणाऱ्यांच्या नियमातच होतं की यादीत शेवटच्या ऑर-अँडच्या आधी कॉमा देऊ नका. हा जो शेवटचा कॉमा आहे, त्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात, तो देणारे आहेत आणि न देणारे पण आहेत, दोन्ही बरोबर. नंतर त्या राज्यानं यादी दुरुस्त केली तेव्हा भांडणच नको म्हणून सेमिकोलन टाकले. पोरांना मी एवढंच म्हणतो की एका कागदावर एकच पद्धत ठेवा, पहिल्या पानावर एक आणि दुसऱ्यावर दुसरी नको.

पण आपल्या भागातल्या माणसानं लक्षात ठेवायचा किस्सा कॅनडाचा आहे. रॉजर्स ही केबल कंपनी आणि अलायंट ही फोन कंपनी, खांबांवरनं केबल न्यायचा करार. करार पाच वर्षांचा, कॉमा, नंतर परत पाच पाच वर्षांचा, कॉमा, एक वर्षाची नोटीस देऊन कुणी मोडला नाही तर. रॉजर्सला वाटलं पहिली पाच वर्षं तरी पक्की. अलायंट म्हणाली दुसरा कॉमा बघा, मोडायची अट त्याच्या पलीकडं आहे म्हणजे ती दोन्हीला लागू, पहिल्या पाच वर्षांत पण मोडता येतो. २००६ मधे तिथल्या सरकारी आयोगानं कॉमा वाचून अलायंटचं म्हणणं मान्य केलं, लाखो डॉलरचा प्रश्न होता. मग रॉजर्सनं काय केलं, तर त्या कराराच्या नमुन्याची फ्रेंच प्रत काढली. कॅनडात इंग्लिश आणि फ्रेंच दोन्ही सरकारी भाषा, दोन्ही प्रतींना सारखा मान. फ्रेंचमधे वाक्याची रचनाच अशी की तिथं दोन अर्थ निघतच नव्हते, पहिली पाच वर्षं पक्की. २००७ मधे आयोगानं आपला निर्णय फिरवला.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला तो मलप्रभेकाठचा अर्ज आठवला. माझं इंग्लिश चुकलेलं, पण शेजारी कन्नड कागद होता, त्यात सात आकडा होता, म्हणून वाचलो. एका भाषेत भोक पडलं तर दुसरी भाषा ठिगळ लावते. आपण परिपत्रकं मराठीत द्या म्हणून एवढी वर्षं मागतोय ते अस्मितेसाठी मागतोय असं सगळ्यांना वाटतं, ते आहेच, पण तीन भाषांचे कागद समोर ठेवून बसणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा हा पण उपयोग दिसतो. असो, विषय कॉमाचा आहे.

आकड्यातल्या कॉमाबद्दल दोनच ओळी. आपण साडेबारा लाख १२,५०,००० असे लिहितो, परदेशी पाठवायच्या कागदावर तेच १,२५०,००० होतात. गल्फला जाणाऱ्या पोरांनी पगाराचा आकडा वाचताना कॉमा नाही, शून्यं मोजावीत.

तर विनंती अशी की विद्यार्थी पानावर ती ओळ दुरुस्त करून छापावी. जागा कमी असेल तर एवढंच छापा: कॉमा द्यायच्या आधी वाक्याचे तुकडे बघा, कर्ता कुठं संपला, दुसरं वाक्य कुठं सुरू झालं, मधला तुकडा काढला तर अर्थ बदलतो काय. आणि उदाहरणं आपल्या इकडची द्या, पावसात न येणाऱ्या बसची, उसाच्या बिलाची, पोरांना ती लगेच कळतात. पाहिजे असतील तर दुकानात कच्च्या कागदांचा गठ्ठा आहे, नावं खोडून पाठवतो.

कळावे,
आपला एक वाचक,
खानापूर, जि. बेळगाव

ता.क. माझ्या दुकानाचा नवीन बोर्ड बघून कुणीतरी हसणार म्हणून आधीच सांगतो. कन्नड साठ टक्के पाहिजे असा नियम आल्यावर बोर्ड नवा करून घेतला, वर मोठं कन्नड, त्याच्या खाली मराठी, इंग्लिशला तळाला चिंचोळी पट्टी उरली. पेंटरनं तिथं ‘झेरॉक्स, टायपिंग, अँड, लॅमिनेशन’ असं लिहून ठेवलंय. अँडच्या पाठीमागं कॉमा कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, तिथं ब्रश उचलला हो.